रेग्युलेटरला घोंगडं

बारामती ४९

बातमी सारजानं आणली, आणि तीही डबा उघडता उघडता, जणू लोणच्याबरोबर तोंडी लावायला.

"धाकलीचा, रेश्माचा फोन आलता शेजारी. आबांची फियाट बारामतीला गेली. गॅसवर करायला."

हिंदुराव मारकड त्या वेळी एका अँबॅसिडरच्या कार्बोरेटरवर वाकलेला होता. इंदापुरात यष्टी स्टँडच्या मागं त्याचं गॅरेज. पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं ऐकून तो सांगायचा, कुठल्या सिलिंडरचा प्लग काळा पडलाय. त्यानं हातातला स्क्रू काढला. बघितला. तोच परत बसवला.

"कुणाकडं?" माहीत असून त्यानं विचारलं.

"कुणाकडं म्हंजी? धाकल्या पाव्हण्यांकडं."

"तो फ्रीजवाला?"

"आता गॅसवाला. पुण्याला जाऊन शिकून आलंय."

"किती दिवस?"

"आठ."

"आठ दिवसांत गळू सुदा पिकत न्हाय."

सारजा हसली नाही. तिनं भाकरी पुढं सरकवली.

त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, पेट्रोलच्या गाड्यांना गॅस लावायचं खूळ पुण्याकडून इकडं पोचलं होतं. डिकीत स्वयंपाकाचा लाल सिलिंडर आडवा टाकायचा, वर गोणपाट झाकायचं. पुढं बॉनेटखाली इटलीचा रेग्युलेटर बसवायचा, मधून तांब्याची नळी. कायद्यात ते बसत नव्हतं, म्हणून तर गोणपाट. घरात चूल आणि गाडीत गॅस, असे कितीतरी लोक त्या साली सापडले असते.

पण ही गाडी बाकीच्यांसारखी नव्हती. सारजाच्या आबांची, म्हणजे बावड्याच्या दादासाहेब देवकात्यांची फियाट अकरा वर्षांपूर्वी इंदापूरच्या रस्त्यावर बंद पडली, ती हिंदुरावनं अर्ध्या तासात चालू केली. तीन महिन्यांनी दादासाहेबांनी त्याला थोरली मुलगी दिली. आधी गाडीशी जमलं मग माझ्याशी, असं सारजाच चारचौघांत सांगायची. त्यानंतर फियाटचं बॉनेट हिंदुरावशिवाय कुणी उघडलं नव्हतं. इंजिन त्यानं दोनदा पूर्ण उतरवून बांधलं होतं. तो बावड्याला गेला की सासरे पाण्याच्या तांब्याआधी गाडीची किल्ली पुढं करायचे. "बघा बरं पाव्हणं, काय म्हणतीया ती."

आता त्याला नुसतं विचारलंही नव्हतं.

राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की तो पाना फेकायचा, आणि तासाभरात तोच पाना शोधत फिरायचा. हे तसं फेकता येत नव्हतं. आपल्या ताटातला घास कुणी न विचारता उचलावा, आणि वर सगळ्या पंगतीनं त्याला 'अजून घ्या' म्हणावं, तसं काहीतरी छातीच्या खाली बसलं होतं.

"गाडी आबांची हाय," सारजा म्हणाली. "त्यांना वाटंल त्याला देतील."

"मी कुठं काय म्हणलो?"

"तुमी न्हाय म्हणला. पर त्यो स्क्रू चौथ्यांदा काढलाय तुमी."

बारामती ७१

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाची पूजा होते. दोन्ही जावई एकाच दिवशी बोलावले होते. हिंदुराव आणि सारजा मोटारसायकलवर बावड्यात पोचले तेव्हा फियाट दारात लिंबाखाली उभी होती, आणि किल्लीचं कडं धाकट्या जावयाच्या, रामहरीच्या बोटात फिरत होतं.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, "या पाव्हणं," म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला. नुसता तांब्या.

रामहरी लगबगीनं आला आणि हिंदुरावच्या पाया पडला. शेलाटा, हसरा, बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस. पाया पडणाऱ्याचा द्वेष करायला वेगळी ताकद लागते. हिंदुरावकडं ती होती.

"भाऊ, तुमच्या इंजिनला हात लावताना हात कापत व्हता बगा माझा."

"मग कशाला लावला?" हिंदुराव हसत म्हणाला. हसत म्हणाल्यामुळं सगळे हसले.

बेत असा होता. रामहरीनं बारामतीच्या बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती, फ्रीज दुरुस्तीही बंद केली होती, आणि गॅस किट बसवायचं दुकान टाकलं होतं. व्हॅन आणि जीपवाले नऊ जण आज चार वाजता त्या दुकानापुढं जमणार होते. त्यांची अट मामांनीच मान्य केली होती: बावड्यापासून बारामतीपर्यंत फियाट एका सिलिंडरवर आणायची. पेट्रोलची टाकी कोरडी. कुणीही काठी घालून बघावं. गाडी आली, तर नऊच्या नऊ गाड्या रामहरीकडं. नाही आली, तर रामहरी पुन्हा कुणाच्या तरी फ्रीजपुढं उकिडवा.

"तशी जराशी सर्दी हाय तिला," मामा म्हणाले.

"गाडीला?"

"व्हय. धा-बारा किलोमीटर गेली की छाती भरती. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. या, दावतो."

त्यांनी बॉनेट उचललं. आत, जिथं हिंदुरावला प्रत्येक बोल्टचा पत्ता तोंडपाठ होता तिथं, काळ्या घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं एक गाठोडं होतं.

"ह्यो रेग्युलेटर," मामा म्हणाले. "बर्फ धरतो त्येच्यावर. जेठाच्या उन्हात! पयल्यांदा मला खरंच वाटंना. मग म्हणलं, गारठलंय ते. पावसात भिजलेलं कोकरू आपण काय करतो? घोंगड्यात घेतो. घरात माझ्या आज्याचं घोंगडं व्हतं, त्येचाच तुकडा काढला. असलं विणकाम आता मिळत न्हाय."

"मी मामांना सांगतोय, बर्फ धरणं चांगलंच असतंय," रामहरी म्हणाला. "फ्रीजमधी बर्फ धरला न्हाय तर लोक तक्रार करत्यात. बर्फ म्हंजी गॅस झकास फिरतोय. चोंदतंय ते दुसरंच काय तरी असंल. नळीत कचरा असंल."

हिंदुरावनं घोंगड्याची कड उचलली. आत तव्याएवढा गोल रेग्युलेटर. त्याच्या कडेला पितळेची दोन नाकं, आणि दोन्हींवर रबराची टोपणं घट्ट बसवलेली.

"ही दोन कशाला?"

"ती पाण्याची. इंजिनचं गरम पाणी त्येच्यातनं फिरवायचं. इटलीचा माल हाय ना भाऊ. तिकडं रस्त्यावर बर्फ पडतं, म्हणून त्यांनी सोय दिलीय. पुण्यात सुदा जोडत व्हते, पर मी गेलतो तवा तितं थंडी व्हती. आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत गरम पाणी कशाला? बंद करून टाकली."

हिंदुराव एक क्षण तसाच वाकलेला राहिला.

वीस वर्षं त्याची बोटं पेट्रोलमध्ये बुडत होती. पेट्रोल उडताना बोट कसं गार पडतं, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. सिलिंडरमधून येतं ते पातळ; रेग्युलेटरात त्याची हवा होताना ते ऊब खाणार, मिळेल तिथून खाणार. म्हणून गरम पाणी. थंडीचा काही संबंधच नव्हता. आणि घोंगडं? घोंगड्याला काय कळतं आत कोकरू आहे की बर्फ. ते बाहेरचं बाहेर ठेवतं आणि आतलं आत. बर्फाच्या लाद्या भुशात नि गोणपाटात का गुंडाळतात? आणि हे बर्फाच्या कारखान्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाला सांगायचं?

चार हात नळी. चार क्लिपा. एवढंच होतं.

त्यानं घोंगड्याची कड अलगद खाली सोडली.

"चांगलं बांधलंय मामा," तो म्हणाला. "सुतळीला अजून एक गाठ मारा."

मामांनी मारली.

जेवताना त्यानं पुरणाचे आठ धोंडे तुपात बुडवून खाल्ले. सासूबाई, बानूबाई, कौतुकानं म्हणाल्या, "थोरलं पाव्हणं आज खुशीत हायती." वाढायला वाकलेली सारजा त्याच्या कानाजवळ पुटपुटली.

"काय सापडलं तुमाला?"

"कुठं काय?"

"दुसऱ्या मिस्त्रीनं केलेल्या गाडीत चूक सापडली की तुमी असं जेवता."

बारामती ४९, पुन्हा

सारजा आणि रेश्मा बावड्यातच राहिल्या. रामहरी स्टिअरिंगवर, शेजारी मामा, मागं हिंदुराव. मामांनी पुढं बसायचा आग्रह केला होता. पण मागून दोघांच्या माना नीट दिसत होत्या.

इंदापूरपर्यंत गाडी दोनदा धापली, पण थांबली नाही. थांबली ती हिंदुरावच्या गॅरेजपासून चाळीस पावलांवर.

"नशीब बगा," रामहरी आनंदानं म्हणाला. "भाऊंच्या दारातच!"

हिंदुराव बोलला ते: "दुकानाची किल्ली सारजाकडं राहिली."

बोलला नाही ते: किल्ली माझ्या खिशात आहे आणि आता मांडीला टोचतेय. आत भिंतीवर खिळ्याला रबरी नळीचं भेंडोळं आहे, अख्खं.

बोलला ते: "मला गॅसमधलं काय कळतंय साडू? आमी पेट्रोलची माणसं."

बोलला नाही ते: तू खाली वाकून पुन्हा म्हण की भाऊ बघा. अजून एकदा म्हण. मामांच्या देखत म्हण.

रामहरी खरंच म्हणाला, "भाऊ, बगा ना जरा." मामांच्या देखत म्हणाला. आणि हिंदुरावला वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही, म्हणून तो तिसऱ्यांदाची वाट बघत राहिला.

बॉनेट उघडलं तसे स्टँडवरचे चार रिकामे लोक जमले.

"आबा, गाडी बाळंतीण हाय का? घोंगड्यात गुंडाळलीया."

"मागं सिलिंडर हाय म्हणं. मग चहा तरी टाका!"

एकानं रसवंतीतून पाण्याचा जग आणला. रेग्युलेटरवर नुसतं साधं पाणी ओतलं असतं तरी पुढचे चार-पाच मैल निभावले असते. मामांनी त्याचा हात धरला. "आरं, आधीच गारठलंय ते. त्येच्यावर गार पाणी?"

ते मागं वळले. "काय पाव्हणं?"

"बरोबर हाय," हिंदुराव म्हणाला.

बारामती ३७

निमगाव केतकीच्या अलीकडं पुन्हा, आणि या वेळी पानमळ्याच्या सावलीला बसून हिंदुराव बघत होता की रामहरी साबणाचा फेस करून एकेक जोड तपासतोय, फेस कुठंच फुगत नाही, तांब्याची नळी इंजिनच्या कडेनं अशी वळवलीय की जणू ती गाडीबरोबरच जन्माला आली, एकही वळण चेपलेलं नाही, एकही क्लिप तिरकी नाही, आणि आपण स्वतः तांब्याची नळी वळवतो तेव्हा ती दहातली तीनदा तरी चेपते हे आपल्याला माहीत आहे आणि आपण ते कधी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा आठ दिवसांत शिकून आला, आठ दिवसांत, आणि दुपारचे ते आठ धोंडे आता एकेक करून वर यायला लागलेत.

"झकास काम केलंय," मामा त्या नळीवरून बोट फिरवत म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांनी हिंदुरावच्या कामाला 'झकास' म्हटलं नव्हतं. 'बरं झालं' म्हणायचे. आत्तापर्यंत तेच पुष्कळ वाटायचं.

बारामती २४

लासुर्णे. सव्वादोन. गाडी रस्त्याच्या कडेला, रामहरी बॉनेटमध्ये, मामा मैलाच्या दगडावर. त्यांनी मुंडासं काढून मांडीवर घेतलं होतं आणि त्यांचं टक्कल लालबुंद झालं होतं. घोंगडं अर्धं उकलून त्यांनी हात आत घातला, आणि दचकून काढला. बोटांना पांढरा चुरा लागला होता.

"अजून सर्दी जाईना," ते म्हणाले. बोटं मांडीवरच्या मुंडाशाला पुसली. आणि मग:

"रामहरी, ऱ्हाऊ द्या. तुमच्या कामात खोट न्हाय. इंजिन म्हातारं झालं."

हिंदुराव झाडाला टेकला होता. तो सरळ झाला.

"गॅस एवढा ताजा, एवढा जोराचा," मामा म्हणाले, "आन इंजिनात दम न्हाय. त्येला ते पेलवंना. पेट्रोलवर कसंबसं चालत व्हतं, कुणाला कळलं न्हाय. आता गॅसनं उघडं पाडलं. पुढल्या म्हयन्यात दुसरं इंजिन बघू. तुमीच बघा, बारामतीत."

गप्प राहिलं की फक्त रामहरी बुडेल, असा हिंदुरावचा हिशोब होता. गाडी कुणाची चूक म्हणून थांबली हे ठरवणारा माणूस घोंगडं गुंडाळणारा आहे, हे त्यानं धरलंच नव्हतं. त्याचं इंजिन. पिस्टनची एकेक रिंग त्यानं कानशीनं घासून बसवली होती. मागच्या दिवाळीत पत्र्याच्या पट्टीनं फटी मोजताना केसाएवढा फरक लागला म्हणून त्यानं पुन्हा सगळं उतरवलं होतं, आणि सारजाला खोटं सांगितलं होतं की मामांनीच बोलावलंय.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात रामहरी बॉनेटमधून बाहेर आला. चेहऱ्यावर ग्रीसचा पट्टा.

"न्हाय मामा. इंजिनला बोलू नका. असं बांधलेलं इंजिन मी पुण्यात सुदा बघितलं न्हाय. चूक माझीच हाय. मला घावत न्हाय, एवढंच. माणसं परत जाऊ देत. भाऊंच्या इंजिनला नाव ठेवून मला धंदा नको."

हे ऐकून हिंदुराव विरघळला, असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. तो पेटला. धंदा बुडायची वेळ आली तरी हा माणूस चांगला वागतोय, आणि तेही आपल्यापेक्षा चांगला, मामांच्या समोर! कौतुक करायचं ते काम याचं, आणि इंजिनची बाजू घ्यायची तर तीही यानंच?

"सरक," तो म्हणाला. साडूला तो पहिल्यांदाच एकेरीत बोलला.

त्यानं खिशातला चाकू काढून सुतळी कापली आणि आज्याच्या वेळचं घोंगडं रस्त्यावर टाकलं. मामा "अवं, अवं" करत उठले. तोवर तो समोरच्या शेतीच्या दुकानातून फवारणीच्या पंपाची चार हात नळी, पितळी निपल आणि क्लिपा घेऊन परतही आला. इंजिनच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, गाडीच्या हीटरसाठी ठेवलेलं एक भोक होतं. बोल्ट घालून बंद केलेलं. दुसरं पाण्याच्या पंपाजवळ. तोही बोल्ट. ते दोन्ही अकरा वर्षांपूर्वी त्यानंच घातले होते. हीटर काढून भंगारात देताना तो मामांना म्हणाला होता, बावड्यात हीटर कशाला, ऊन काय कमी आहे?

हे त्यानं आत्ता कुणाला सांगितलं नाही. मामांना आठवलं की नाही, ते बघायला मानही वर केली नाही.

इंजिन निवायला वीस मिनिटं. बोल्ट निघायला दहा. रामहरी न सांगता पाना देत होता, नेमका हवा तोच. नळीचं एक टोक इंजिनच्या डोक्यावरून रेग्युलेटरच्या एका नाकाला. दुसऱ्या नाकातून दुसरी नळी पंपाकडं. रेडिएटर भरला. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत ते चालू दिलं. रेग्युलेटरवरचा पांढरा थर आधी काचेसारखा झाला, मग निखळून खाली पडला. मामांनी त्यावर हात ठेवला. या वेळी काढला नाही.

"ऊन झालंय," ते म्हणाले. लहान मुलाचं कपाळ बघावं तसं.

पाव तास गाडी जागेवर चालली. अडखळली नाही.

रामहरी नळीकडं बघत होता. हळूहळू त्याला सगळं उमगत गेलं, आणि उमगताना त्याचा चेहरा उजळला, ओशाळला नाही. "म्हंजी गारठा आतनं येतो! आन मी टोपणं लावली. आन मामांनी वरनं..." तो हसायलाच लागला. मग हिंदुरावचे दोन्ही खांदे धरून त्यानं विचारलं, "भाऊ, ह्ये तुमी वळखलं कवा?"

'आत्ता,' एवढं म्हणायचं होतं. आत्ता, तुमचं बोलणं चाललं होतं तेव्हा. एक शब्द.

पण तो शब्द म्हणजे दोन तास डोकं खाजवून लासुर्ण्यात सुचलेला माणूस. आठ दिवस शिकलेल्याच्या बरोबरीचा माणूस. हिंदुरावला ते सोसलं नाही.

"सकाळी," तो म्हणाला. "एका नजरंत."

रस्त्यावरून उसाच्या बेण्याचा ट्रॅक्टर गेला.

"सकाळी कुठं?" मामांनी विचारलं.

"बावड्यात. घोंगड्याची कड उचलली तवा."

आणि हे बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं की आपण काय बोललो.

मामांनी मुंडासं झटकलं. डोक्यावर ठेवलं. एकेक वेढा सावकाश घेतला.

"मग मी अजून एक गाठ मारली. तुमीच मारा म्हणला."

हिंदुरावनं नळीची क्लिप आवळली.

"इंदापुरात दुकान चाळीस पावलांवर."

तीच क्लिप त्यानं पुन्हा आवळली.

"आन मगाशी मी इंजिनला म्हातारं म्हणलो, तवा सुदा लगीच न्हाय बोलला. आपल्याच इंजिनला?" मामांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "एवढं जळता व्हय पाव्हणं?"

"मामा, तसं न्हाय," रामहरी मध्ये पडला. "भाऊ मला शिकवत व्हते. माझं मला घावतंय का बघत व्हते. व्हय की न्हाय भाऊ?"

त्यानं एक दार उघडून धरलं होतं. आत शिरायला फक्त मान हलवायची होती. हिंदुरावनं त्या सबंध दिवसात रामहरीचा सगळ्यात जास्त द्वेष त्या क्षणी केला.

"न्हाय," तो म्हणाला. "तो सांगतोय तसं न्हाय."

"बसा गाडीत," मामा म्हणाले. "माणसं खोळंबली असतील."

बारामती

सव्वाचारला पोचले. जंक्शन, सणसर, काटेवाडी, कुठंही धाप नाही, काही नाही. दुकानापुढं नऊ गाड्या ओळीनं होत्या. एका जीपवाल्यानं खरंच टाकीत काठी घातली, कोरडी बाहेर काढली, सगळ्यांना दाखवली. शिट्ट्या वाजल्या. रामहरीच्या खांद्यावर इतके हात पडले की तो दिसेना.

मामांनी दुकानातून लोखंडी खुर्ची मागवली. स्वतः उचलून सावलीत ठेवली. रुमालानं पुसली.

"बसा पाव्हणं."

"मी उभा ऱ्हातो की मामा. त्या नळीची क्लिप जराशी..."

"बसा. धोंड्याचा म्हयना हाय. आज तुमचा मान." आणि कुणाला तरी ओरडले, "आमच्या थोरल्या जावयांना चहा आणा रं. त्यांचं हात काळं व्हऊ देऊ नका."

आवाजात टोमणा शोधून सापडत नव्हता. सगळं रीतीप्रमाणं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बावड्याच्या माणसानं त्याला पाहुणा केलं होतं. चहा आला, बशीत बिस्किटंसुद्धा आली. दहा पावलांवर त्याच्या इंजिनभोवती पाठींची भिंत उभी होती आणि भिंतीआडून रामहरीचा आवाज येत होता.

"...बर्फ धरायला लागला तर घाबरायचं न्हाय. ही बगा गरम पाण्याची नळी. ही जोडली की संपलं. पाणी भरा, झाकण लावा, चावी मारा."

हिंदुरावच्या हातातला कप थांबला. लगेच झाकण लावलं तर आत हवा कोंडणार. हवा कोंडली की पाणी फिरणार नाही. पाणी फिरलं नाही की नऊच्या नऊ गाड्या नऊ रस्त्यांवर थांबणार, आणि लोक रामहरीला शोधत येणार.

या खेपेला कुणी काही विचारतही नव्हतं.

तो उठला. "बसा की," मामा म्हणाले. तो बसला नाही. कप खुर्चीवर ठेवून चालत गेला. त्याला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं, वाट कुणी दिली नाही. दोन पाठींच्या मधून त्यानं मान आत घातली.

"झाकण लगीच लावायचं न्हाय," तो म्हणाला. "उघडं ठिवून इंजिन चालवायचं. बुडबुडं थांबलं की मग."

"ऐका, ऐका!" रामहरी ओरडला, आणि तेच सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, हातवारे करून, हिंदुरावला सुचला नसता असा बुडबुड्यांचा आवाज तोंडानं काढून. लोक हसले, आणि माना डोलल्या. रामहरीकडं बघून डोलल्या.

"आन रेग्युलेटर रेडिएटरच्या तोंडापेक्षा खाली बसवायचा," हिंदुराव म्हणाला.

रामहरीनं तेही सांगितलं. एका व्हॅनवाल्यानं ते सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं आणि विचारलं, "रामहरीशेठ, माझ्या गाडीला कवा येऊ?"

छातीच्या खाली जे पंधरा दिवस बसलं होतं ते तिथंच होतं, तसंच होतं. हिंदुरावनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या, पुढच्या माणसाला खांद्यानं बाजूला केलं, आणि तिसरी गोष्ट सांगायला वाकला.